थंडीतला ण

पहिलीच्या वर्गात अक्षरओळख सुरू होते ती ‘क कमळाचा’ या शब्दांनी. वऱ्हाडातल्या खेड्यात वाढलेले लेकरू भिंतीवरचे ते चित्र पाहून ‘कमय’ म्हणते, कारण त्याच्या घरी डोळ्याला डोया म्हणतात, शाळेला शाया म्हणतात आणि गुळाला गुय म्हणतात. शिकायचा असतो क, आणि चूक निघते ळची. पुढे ‘ण बाणाचा’ येतो, तेव्हा तेच लेकरू ‘बान’ म्हणते आणि दुसऱ्यांदा अडते. अशा वेळी शिक्षकाने काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता एका वर्गापुरता वाटतो. पण अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांतल्या गावोगावच्या शाळांपुढे तो दरवर्षी जून महिन्यात उभा राहतो आणि ‘अशुद्ध’ या एका शब्दावर आपण त्याची बोळवण करत आलो आहोत.

माझे म्हणणे असे आहे की, ज्या दोन ध्वनींमधला फरक शिक्षकाला जीभ, टाळू आणि श्वास यांच्या भाषेत सांगता येत नाही, त्या फरकावरून लेकराला दोष देण्याचा अधिकार शाळेला पोहोचत नाही. म्हणून विदर्भातल्या प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणात ध्वनिविचार हा प्रत्यक्ष उच्चार करून, ऐकून आणि तपासून शिकवला जाणारा सक्तीचा विषय असला पाहिजे. ही मागणी भाषाशास्त्राच्या हौसेपोटी केलेली नाही. तिच्यामागे एक जुनी आठवण आहे.

मी तिसरीत असताना आमच्या वर्गाच्या कोपऱ्यात पाण्याचा रांजण असे. उन्हाळ्याच्या सकाळच्या शाळेत मी उठून गुरुजींना विचारले, ‘‘गुर्जी, थंड पानी प्याले जाऊ का?’’ गुरुजी म्हणाले, ‘पाणी’ असे नीट म्हण आणि मग जा. मी दोनदा, तीनदा, चारदा ‘पानी’च म्हटले. वर्ग हसला, आणि मी न पिताच खाली बसलो. गुरुजी वाईट नव्हते. आमच्यासाठी त्यांनी पुष्कळ केले. पण माझी जीभ जड आहे, असे त्यांनी त्या दिवशी ठरवले आणि मीही ते पुढची अनेक वर्षे खरे मानले. मोठेपणी स्वतः मराठी शिकवू लागल्यावर माझ्या लक्षात आले की, ज्या ण साठी मला तहानलेले बसावे लागले, तो ण त्याच वाक्यात, पानीच्या आधीच्या शब्दात, मी अगदी बरोबर उच्चारला होता. ‘थंड’ या शब्दात ड च्या आधी नाकातून येणारा जो ध्वनी आहे तो दुसरा कोणताही नसून ण आहे.

हे नीट समजून घ्यायचे तर न आणि ण यांच्यात वेगळे काय आहे आणि सारखे काय आहे, ते पाहिले पाहिजे. दोन्ही ध्वनींत तोंडाची वाट बंद होते आणि श्वास नाकावाटे बाहेर पडतो. नाक चिमटीत धरून न म्हणून पाहिला किंवा ण म्हणून पाहिला, तर दोन्ही सारखेच अडकतात. दोन्हींत कंठातल्या स्वरतंतूंचे कंपन असते. म्हणजे प्रयत्न सारखाच आहे. वेगळे आहे ते स्थान. न म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकते, तर ण म्हणताना ते वर उचलून मागे वळते आणि टाळूच्या कडक भागाला लागते. ट, ठ, ड, ढ हेही याच जागेवरचे ध्वनी असल्यामुळे त्यांच्या शेजारी येणाऱ्या अनुनासिकाला ती जागा आपोआप घ्यावी लागते. अनुस्वाराचे टिंब गंगेत एका जागी उच्चारले जाते, पंचमीत दुसऱ्या, दंतात तिसऱ्या आणि पंपात चौथ्या जागी. थंडी, अंडे, खंड, घंटा या शब्दांत ते मूर्धन्य होते, म्हणजे ण होते, आणि वऱ्हाडी लेकराच्या तोंडीही ते तसेच होते. ‘थंडी’ या शब्दात जीभ दाताला लावून न म्हणायचा प्रयत्न करून पाहावा. त्यासाठी मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात.

भाषाशास्त्रात तोंडातून प्रत्यक्ष निघणाऱ्या ध्वनीला स्वन म्हणतात आणि ज्याच्या बदलाने शब्दाचा अर्थ बदलतो अशा ध्वनीला स्वनिम म्हणतात. प्रमाण मराठीत न आणि ण हे दोन स्वनिम आहेत, म्हणूनच तिथे सन वेगळा आणि सण वेगळा, मन वेगळे आणि मण वेगळा. वऱ्हाडीत ण हा स्वन आहे, पण न पासून स्वतंत्र असा स्वनिम नाही. एवढ्या एका वाक्यात सारा प्रकार सांगता येतो, आणि त्या वाक्यात जड जिभेला कुठे जागा नाही. लेकराच्या जिभेला ण येतो; तो स्वरांच्या मध्ये स्वतंत्रपणे वापरण्याची रीत त्याच्या बोलीत नाही, इतकेच.

ळ ची गोष्ट याहून वेगळी आहे आणि ती वेगळी आहे हेच बहुतेक शिक्षकांना कोणी सांगितलेले नसते. ळ हा ल सारखाच पार्श्विक ध्वनी आहे, म्हणजे जीभ मध्ये अडते आणि श्वास जिभेच्या बाजूंनी निसटतो. ल मध्ये टोक दातांच्या मुळाशी असते. ळ मध्ये ते मागे वळलेले असते. वऱ्हाडीत ळ चा य होतो तेव्हा जिभेचे टोक टाळूला लागतच नाही, तिचा पुढचा भाग टाळूच्या दिशेने नुसता उचलला जातो आणि स्पर्श नसलेला अर्धस्वर ऐकू येतो. ण चा न होताना केवळ स्थान बदलले होते. इथे स्थान आणि प्रयत्न दोन्ही बदलतात. साहजिकच एका चुकीवरचा उपाय दुसरीवर चालत नाही. ‘जीभ वर लाव’ असे ओरडून सांगितले, तर लेकरू कधी ल म्हणते, कधी ड म्हणते, आणि शेवटी गप्प बसते.

इथे एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते. वऱ्हाडी माणूस काळ्या रंगाला काया म्हणतो, पण गोपाळकाल्यातल्या काल्याला तो काया म्हणत नाही. तिथे काला हाच उच्चार राहतो. माळेची माय होते, पण बाजारात आलेला माल मालच राहतो. म्हणजे कोणत्या शब्दात ळ आहे आणि कोणत्या शब्दात ल आहे, याची त्याला पक्की जाण असते. त्याने ही दोन घरे कधी एकत्र केली नाहीत. एका घरातला रहिवासी तेवढा बदलला. ज्या मुलाला हा भेद आधीच माहीत आहे, त्याला तो नव्याने शिकवावा लागत नाही. आपण ज्याला य म्हणतो त्यातला कोणता य पुस्तकात ळ म्हणून लिहितात, हे ओळखायला त्याला मदत करायची असते, कारण गाय आणि पाय यांतला य मात्र त्याच्याही बोलीत मूळचाच आहे.

आता ‘शुद्ध’ या शब्दाकडे वळतो, कारण सगळी इजा त्या शब्दाने होते. पाणी हा उच्चार शुद्ध आणि पानी हा अशुद्ध असे आपण म्हणतो, तेव्हा शुद्धतेचा आधार कोणता धरतो? संस्कृतचा धरला, तर मूळ शब्द पानीय आहे आणि त्यात न आहे. कानाचा मूळ शब्द कर्ण, त्यात ण आहे. झाडाच्या पानाचा मूळ शब्द पर्ण, त्यातही ण आहे. प्रमाण मराठीने जिथे न होता तिथे ण केला आणि जिथे ण होता तिथे न केला. हे बेशिस्तीने घडलेले नाही. महाराष्ट्री प्राकृतात न च्या जागी सर्वत्र ण करण्याची प्रवृत्ती होती; वररुचीच्या ‘प्राकृतप्रकाश’ या व्याकरणात तसा नियमच सांगितलेला आहे. पुढे मराठी घडत असताना स्वरांमध्ये एकटा आलेला ध्वनी ण म्हणून राहिला आणि जोडाक्षरातून आलेला दुहेरी ध्वनी न म्हणून स्थिरावला: पानीयाचे पाणी झाले, आणि कर्णाचे आधी कण्ण व मग कान झाले. ल आणि ळ यांच्या बाबतीतही हाच न्याय लागला. फलाचे फळ झाले, कमलाचे कमळ झाले. पण तैलापासून दुहेरी ल्ल च्या वाटेने तेल आले, म्हणून त्यात ल टिकला.

तेव्हा अंकलिपीच्या पहिल्या पानावरचे कमळ हेच मुळात कमल या शब्दाचे बदललेले रूप आहे. मध्ये आलेल्या एकट्या ल चा ळ झाला, तो बदल आपण भाषेची वाढ म्हणून स्वीकारला. वऱ्हाडात त्याच ळ चा पुढे य झाला, तो बदल आपण गावंढळपणा ठरवला. दोन्ही बदल सारखेच नियमबद्ध आहेत. पहिल्याच्या बाजूने छापखाना आणि शाळा उभी राहिली, दुसऱ्याच्या बाजूने कोणी उभे राहिले नाही. दोघांत फरक असेल तर तो एवढाच आहे. वऱ्हाडी पानीने संस्कृतातला न जपून ठेवला आहे, असे मी म्हणणार नाही, कारण तसे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही; वऱ्हाडीतला न हा ण पासून पुढे आलेला आहे. मला एवढेच दाखवायचे आहे की, मुळाशी जवळ असणे म्हणजे शुद्ध, ही कसोटी प्रमाण मराठीलाही पेलत नाही.

दुसरी कसोटी ‘अक्षर वेगळे तर उच्चार वेगळा’ अशी सांगितली जाते. ती तरी आपण सर्वांना सारखी लावतो का? श आणि ष ही दोन अक्षरे आहेत, एक तालव्य आणि दुसरे मूर्धन्य. न आणि ण यांच्यात जे अंतर आहे त्याच प्रकारचे अंतर त्यांच्यात आहे. तरीही पुण्यामुंबईपासून नागपुरापर्यंत बहुतेक सुशिक्षित माणसे भाषा आणि आशा या दोन शब्दांत एकच ध्वनी उच्चारतात. ऋषी हा शब्द आपण रुषी असा म्हणतो. ज्ञान या शब्दात ज आणि ञ आहेत, पण आपण द्न्यान म्हणतो. यांपैकी कशासाठीही कोणाला वर्गात उभे केले जात नाही, कारण उभे करणारेही तसेच बोलतात. जो भेद प्रतिष्ठित माणसांच्या तोंडून गेला, तो गेल्याचे दुःख नाही. जो खेड्यातल्या तोंडून गेला, त्याची शिक्षा मात्र सहा वर्षांच्या लेकराला होते. हे मला अन्यायाचे वाटते आणि तसे स्पष्ट म्हणण्यात संकोच वाटत नाही.

याच्या उलट, जिथे अक्षर एकच आहे आणि ध्वनी दोन आहेत, तिथे शाळेचे कान पूर्ण बंद असतात. मराठीतला च हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण. ‘चुलीवरचा चहा’ एवढे दोन शब्द म्हणून पाहावेत. त्यात च तीनदा येतो. पहिले दोन एका प्रकारचे आहेत आणि तिसरा दुसऱ्या प्रकारचा. दोन्ही प्रकारांत जिभेने वाट बंद होते, त म्हणताना होते तशीच. पण त मध्ये ती एकदम उघडते, तर च मध्ये हळूहळू उघडते आणि त्या फटीतून श्वास घासत बाहेर येतो. म्हणून अशा ध्वनींना स्पर्शघर्षक म्हणतात. चुलीतला च दातांच्या मुळाशी तयार होतो आणि त्याच्या शेपटीला स चे घर्षण असते. मराठी व्याकरणकार त्याला दंततालव्य म्हणतात. चहातला च टाळूवर होतो आणि त्याच्या शेपटीला श असतो. दोन्ही च लांबवून म्हटले की शेपटी वेगळी ऐकू येते. पहिलीच्या मुलांनाही हा प्रयोग करता येतो आणि आवडतो. ज आणि झ यांचीही अशीच दोन दोन रूपे आहेत.

हा भेद काही शब्दांत स्वरावरून ठरतो. घरचा यात च दंततालव्य असतो, पण घरची आणि घरच्या यांत तो तालव्य होतो. तसेच माझा आणि माझी. याचे कारण आपल्या प्राचीन शिक्षाकारांनी, म्हणजे उच्चारशास्त्राचे ग्रंथ लिहिणाऱ्यांनी, अचूक नोंदवून ठेवले आहे: इ, चवर्ग, य आणि श या सर्वांचे स्थान त्यांनी तालू हे एकच सांगितले. पुढे इ किंवा य यायचा असेल, तर जीभ आधीच टाळूकडे सरकते आणि च ला सोबत नेते. मात्र अ, आ, उ, ओ या स्वरांआधी दोन्ही रूपे येऊ शकतात, आणि तिथे शब्दच माहीत असावा लागतो. ‘चार बैल धुऱ्यावर ने आणि तिथे चार’ या वाक्यात पहिले चार आकड्याचे आणि दुसरे चारण्याचे. लिहिताना एक, बोलताना दोन. जरा म्हणजे थोडे आणि जरा म्हणजे म्हातारपण यांचेही तसेच. ‘जात नाही ती जात’ हे आपल्याकडे फार बोलले जाणारे वाक्य कागदावर एका शब्दाचे दिसते. कानाला मात्र त्यात दोन वेगळे ज ऐकू येतात, आणि ज्या माणसांनी ते दुःख सोसले आहे त्यांच्या तोंडून ते दोन्ही स्वच्छ ऐकू येतात.

माझी आजी शाळेची पायरी चढलेली नव्हती. ‘कापूस येचाले जातो’ म्हणताना तिचा च दातांशी असे आणि ‘चंद्र निंगाला’ म्हणताना टाळूशी. आयुष्यभरात ती यात एकदाही चुकल्याचे मला आठवत नाही. दोन ध्वनींसाठी तिच्याकडे एक अक्षरसुद्धा नव्हते, आणि तरी शेकडो शब्दांत कोणता ध्वनी कुठे, हे तिला ठाऊक होते. हे भाषेचे ज्ञान आहे आणि मोठे ज्ञान आहे. पण लिपीत त्याची खूण नाही, म्हणून शाळेला ते दिसत नाही. आणि पानीतला न लिपीत पकडता येतो, म्हणून तेवढाच दिसतो. आज शहरात वाढणारी, हिंदी आणि इंग्रजी सतत कानावर पडणारी मराठी मुले चोर आणि चूल हे शब्द चहातल्या च ने उच्चारताना मी ऐकतो. त्यांना कोणी अशुद्ध म्हणत नाही. म्हणावे, अशी माझी इच्छाही नाही. पण मोजमाप एकच असावे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. लेकराला उद्या परीक्षा द्यायची आहे, अर्ज लिहायचे आहेत, मुलाखतीला जायचे आहे; त्याला सन आणि सण वेगळे लिहिता आलेच पाहिजेत. हे मला पूर्ण मान्य आहे. प्रमाण मराठीचे लेखन आणि वाचन शिकवणे हे शाळेचे कामच आहे, आणि बोलीच्या प्रेमापोटी ते टाळणे म्हणजे खेड्यातल्या मुलाचे नुकसान करणे होय. परंतु लाज हे शिकवण्याचे साधन म्हणून निकामी आहे, हे मी वह्या तपासताना अनेक वर्षे पाहिले आहे. ण साठी रागावलेले मूल जिथे तिथे ण लिहू लागते. मन मोठे असावे या वाक्यात मनाचा मण होतो, विमानाचे विमाण होते. ळ साठी रागावलेले मूल ‘गाय’ लिहिताना थबकते आणि ‘गाळ’ लिहून ठेवते. आपल्या बोलीवरचा त्याचा विश्वास उडालेला असतो आणि नव्या रूपाचा नियम कोणी सांगितलेला नसतो. मधल्या अंधारात ते अंदाज करत राहते.

नियम सांगणे कठीण नाही. ण साठी लेकराला ‘थंड’ म्हणायला लावावे, मग तोच शब्द ड च्या आधी थांबवून तो गुंजारव लांबवायला सांगावे. जीभ कुठे आहे ते त्याला स्वतःला कळते. तीच जीभ तिथेच ठेवून ‘बाण’ म्हणता येतो. ळ साठी ‘गाडी’ किंवा ‘वाडा’ घ्यावा. दोन स्वरांच्या मध्ये ड म्हणताना जीभ मागे वळून टाळूला हलकेच थापटते. ती हालचाल तशीच ठेवून श्वास जिभेच्या बाजूंनी जाऊ दिला की ळ मिळतो. ड आणि ळ यांचे हे नाते फार जुने आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ‘ईळे’ असे क्रियापद आहे. दोन स्वरांमधला ड त्या पाठपरंपरेत ळ होतो. जे वैदिक पाठकांच्या जिभेला सहज जमले, ते गाडी आणि वाडा म्हणणाऱ्या वऱ्हाडी जिभेलाही जमते. तिथपर्यंत जाण्याची वाट दाखवणारा शिक्षक मात्र हवा. आणि वाट दाखवून झाल्यावर घरी शाया म्हणायचे की शाळा, हे त्या लेकरावर सोडावे.

असा शिक्षक तयार करण्याची यंत्रणा आपल्याकडे आहे. प्राथमिक शिक्षकांसाठी दोन वर्षांचा डी.एल.एड. अभ्यासक्रम आहे आणि जिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा, मातृभाषा किंवा स्थानिक भाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे, असे म्हटले आहे. पण घरची भाषा म्हणजे केवळ ‘मराठी’ हे नाव नव्हे. ज्या ध्वनींनी ती घरात बोलली जाते ते ध्वनीही तिच्यात आले. विदर्भातल्या प्रशिक्षण संस्थांनी वऱ्हाडीच्या, आणि पूर्वेकडच्या जिल्ह्यांत झाडीबोलीच्या ध्वनिव्यवस्थेची ओळख प्रत्येक नव्या शिक्षकाला करून दिली, तर ‘पानी’ ऐकल्यावर त्याला चूक ऐकू येण्याआधी नियम ऐकू येईल.

या कामात रिद्धपूरकडून माझी विशेष अपेक्षा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या याच गावात सुमारे १२७८ मध्ये म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले, असे मानले जाते. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ या मातीतला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठही आहे. त्या विद्यापीठाने हस्तलिखितांइतकीच काळजी आजूबाजूच्या वावरांतल्या बोलण्याची घ्यावी. गावोगाव जाऊन ध्वनिमुद्रण करावे, ण, ळ आणि दोन्ही च कुठे कसे बोलले जातात याचे नकाशे तयार करावेत आणि ते शिक्षकांच्या हाती द्यावेत. हे लवकर व्हायला हवे. चुलीतला च आणि चहातला च कधीही न चुकता वेगळा ठेवणाऱ्या, अक्षराच्या आधाराशिवाय तो भेद सांभाळणाऱ्या आमच्याकडच्या बायका आज सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत.